आधी आतलं दप्तर बाहेर काढून दाखवा

वकिलाला तारीख चुकवून चालत नाही. पुकारा झाला आणि वादी नाही, त्याचा वकीलही नाही, असं झालं तर दावा गैरहजेरीत काढून टाकला जातो. तो पुन्हा फायलीवर आणायचा म्हणजे अर्ज, कारणं, कोर्टाने लावलेला खर्च आणि अशिलासमोर खाली गेलेली मान. साताऱ्याच्या जिल्हा न्यायालयात मी १९९४ पासून वकिली करते. पहिली सात वर्षं माझा सगळा व्यवसाय एका जाड डायरीत होता. मागची तारीख, कोर्ट, दाव्याचा क्रमांक, पक्षकारांची नावं, काम कशासाठी नेमलंय आणि पुढची तारीख. ती डायरी आमच्या कारकून काकांच्या काखेत असायची. एखाद्या दिवशी ती घरी राहिली की आम्ही दोघं प्रत्येक कोर्टाच्या बोर्डावर आपलं काम शोधत जिने चढायचो आणि उतरायचो.

२००१ च्या दिवाळीत अमेरिकेतून आलेल्या मावसभावाने माझ्या हातावर पाम एम१०० ठेवला. तळहाताएवढा, राखाडी पडद्याचा, रिमोटमध्ये घालतो तसल्या दोन बारीक सेलवर चालणारा. आत जागा दोन मेगाबाइट, म्हणजे आजच्या फोनचा एक चांगला फोटोही त्यात मावायचा नाही. प्लास्टिकच्या काडीने पडद्यावर लिहायचं, आणि तेही त्याच्या वळणाने. इंग्रजी ‘ए’ काढायचा तर मधली आडवी रेघ सोडून द्यायची. देवनागरी नव्हतीच. शिंदे, जाधव, कदम सगळे रोमन लिपीत लिहिले. काकांनी ते यंत्र उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, “मॅडम, हे बंद पडलं तर तारखा कुणाला विचारायच्या?”

हातात धरायचं कुठलंही यंत्र घेताना हाच प्रश्न पहिल्यांदा विचारायला हवा असं मी आज मानते, आणि हा लेख त्या एका प्रश्नासाठीच लिहिते आहे.

ते बंद पडलंच. २००३ च्या मे महिन्याच्या सुट्टीत मी ते माहेरी कपाटात ठेवलं आणि विसरले. परत आले तेव्हा सेल उतरले होते. त्या काळच्या या यंत्रांत माहिती विजेच्या जोरावरच टिकायची. सेल बदलायलासुद्धा जेमतेम मिनिटभराची सवड, तेवढ्यात नवे घातले नाहीत तर आतलं सगळं पुसलं जाणार. इथे तर आठवडे गेले होते. नवे सेल घातल्यावर यंत्र दुकानातून आणल्यासारखं कोरं. जून उजाडला होता, कोर्ट उघडायला दोन दिवस होते. मी धडधडत्या छातीने ऑफिसमधल्या कॉम्प्युटरला त्याची केबल जोडली आणि दोन्हीकडच्या नोंदी जुळवणारं हॉटसिंकचं बटण दाबलं. काही मिनिटांत शेवटच्या सिंकपर्यंतच्या सगळ्या तारखा, सगळे पत्ते जागेवर आले. त्या दिवशी मी काकांना पेढे दिले होते.

तेव्हा मला वाटलं होतं की हा योगायोग. तसं नव्हतं, ते यंत्र तसंच घडवलं होतं. जेफ हॉकिन्स या त्याच्या कर्त्याने आधी खिशात मावेल एवढा लाकडाचा ठोकळा केला आणि तो घेऊन हिंडत राहिला. कुणी भेटीची वेळ विचारली की ठोकळा काढून त्यावर काडीने लिहिल्यासारखं करायचं, आणि खरंच हे आपण वापरू का, हे पाहायचं. १९९३ मध्ये ॲपलचं न्यूटन आलं होतं. ते मोठं होतं, महाग होतं, आणि कॉम्प्युटरशिवाय आपण सगळं करू अशा थाटाचं होतं. १९९६ मध्ये आलेल्या हॉकिन्सच्या पायलटने, म्हणजे पहिल्या पामने, असा दावाच केला नाही. तुमचं खरं दप्तर घरच्या कॉम्प्युटरवर, मी त्याचं खिशातलं पान, एवढीच त्याची भूमिका. म्हणून जोडणी एका बटणावर. दोन्हीकडे एकच नोंद वेगवेगळी बदलली असेल तर ते आपल्या मनाने निवाडा करायचं नाही, दोन्ही नोंदी ठेवायचं आणि निर्णय माझ्यावर सोडायचं. मला ही शिस्त फार आवडली. निवाडा करायचा अधिकार कुणाचा, हे ज्याला कळतं त्याच्यावर विश्वास टाकता येतो.

पाम ही कंपनी पुढे राहिली नाही. २०१० मध्ये एचपीने ती विकत घेतली आणि पुढच्याच वर्षी तिची यंत्रं बनवणं थांबवलं. माझा पाम त्याआधीच मोडीत गेला होता. पण कॉम्प्युटरवरच्या त्याच्या कार्यक्रमातून मी तारखा आणि पत्ते साध्या मजकुराच्या फायलीत काढून ठेवले होते. २००२ मधल्या एका वाटपाच्या दाव्याच्या तारखा आजही माझ्या लॅपटॉपवर उघडतात. तो दावा अजून चालू आहे, म्हणून त्यांची गरजही पडते.

आता फोनकडे येते. फोन आला तेव्हा सगळं सोपं झालं असं वाटलं. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर, माझ्या फोनवर आणि काकांच्या फोनवर एकच कॅलेंडर. कोर्टात तारीख मिळाली की मी तिथल्या तिथे टाकायची, काकांना ऑफिसात दिसायची. केबल नाही, बटण नाही. आणि २०१६ मध्ये आमच्याकडे उमेदवारी करणाऱ्या एका मुलीने निकाली निघालेली कामं साफ करायला घेतली. तिची चूक नव्हती, मीच सांगितलं होतं. तिने कॉम्प्युटरवर जे काढलं ते माझ्या फोनवरून गेलं, काकांच्याही फोनवरून गेलं, आणि त्यात काही अशा कामांच्या तारखा गेल्या ज्यांची अपिलं व्हायची होती. काढलेल्या नोंदी काही दिवस कचरापेटीत राहतात हे आम्हाला कळेपर्यंत दोन महिने उलटले होते. मे महिन्याच्या सुट्टीत वर्षाचं कॅलेंडर फायलीत काढून ठेवायची माझी जुनी सवय होती, म्हणून मधल्या महिन्यांपुरतंच नुकसान झालं. तेवढ्यासाठी नकला मागवाव्या लागल्या.

सिंक आणि बॅकअप यांतला फरक मला त्या वेळी समजला आणि तो मी आमच्याच भाषेत सांगते. सिंक म्हणजे कोर्टाबाहेरचा बोर्ड. आत जे बदलेल ते बोर्डावर बदलणार, आत नाव खोडलं की बाहेरही खोडलं जाणार. बॅकअप म्हणजे नक्कल विभागातून काढलेली खरी नक्कल. शिक्का मारलेल्या दिवशी मूळ कागद जसा होता तसाच तिच्यात राहतो, मग मूळ कागदाचं काहीही होवो. दोन्ही हवेत. पण लोक बोर्ड पाहतात आणि आपल्याकडे नक्कल आहे असं समजून निर्धास्त राहतात. ही गैरसमजूत मी शिकल्यासवरलेल्या माणसांतही रोज पाहते, अगदी आमच्या बार रूममध्येसुद्धा. ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये आपण आपल्या कामांचे सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक साठवतो. ती यादी आपल्या फोनमध्ये असते आणि ती फायलीत काढायची सोय ॲपमध्येच दिलेली आहे. फोन बदलायच्या आधी ती फाइल काढलीत का, असं विचारलं की निम्मे जण गप्प होतात.

मराठी नावांचं वेगळंच दुखणं आहे. काही वर्षांपूर्वी मी फोन बदलला, तेव्हा एका दुकानदाराने सहाशे नंबर नव्या फोनवर चढवून दिले. घरी येऊन पाहते तर इंग्रजीत लिहिलेली नावं ठीक, आणि मराठीत लिहिलेल्या प्रत्येक नावाच्या जागी बरोबरची चिन्हं आणि त्यांच्यामध्ये ई-शून्य, ए-चार असली माळ. अशिलांनी गावाकडून फोन करावा आणि कोण बोलतंय हे मला कळू नये. झालं होतं ते असं. नंबरांच्या फायलीचा एक जुना प्रकार देवनागरी अक्षरं थेट लिहीत नाही, प्रत्येक अक्षराचे तीन-तीन सांकेतिक तुकडे करून लिहितो. वाचणाऱ्या कार्यक्रमाने ते परत जुळवायचे असतात. त्याने जुळवले नाहीत. एका संध्याकाळी भाच्याने ती माळ उलगडून नावं परत मिळवून दिली. पण फाइल माझ्या हातात होती म्हणून ते जमलं. फाइलच नसती तर सहाशे माणसं नुसते आकडे होऊन बसली असती.

आपल्या ‘कऱ्हाड’चंच घ्या. त्यातला ‘ऱ्ह’ दोन तऱ्हांनी टाइप होतो. पडद्यावर डोळ्यांना सारखाच दिसतो, यंत्राला मात्र ती दोन वेगळी अक्षरं. एका तऱ्हेने लिहिलं आणि दुसऱ्या तऱ्हेने शोधलं तर ‘सापडत नाही’ असं उत्तर येऊ शकतं. मराठीत कामकाज करणाऱ्या राज्यात फोन विकणाऱ्यांनी आणि बनवणाऱ्यांनी हे तपासून द्यायला नको का? मला ही क्षुल्लक गोष्ट वाटत नाही. ज्याला आपलं नाव, आपलं गाव आपल्या लिपीत लिहून ठेवायचं आहे त्याला शोधताना अडचण येऊ नये, इतकंच मागणं आहे.

आणि हे फक्त वकिलांचं रडगाणं नाही. गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे एक शेतकरी आले. ओळख पटेल असं काही सांगत नाही. त्यांनी नात्यातल्या एकाला मोठी रक्कम हातउसनी दिली होती. कागद नव्हता. पण घेणाऱ्याने व्हॉट्सॲपवर तीन-चार वेळा ‘दिवाळीनंतर देतो’ असं लिहिलं होतं. मोटर चालू करायला गेले आणि वरच्या खिशातला फोन विहिरीत पडला. गाळातून तो काढला तेव्हा उपयोग संपला होता. बॅकअप कुठेच नव्हता. नात्यातला माणूस आता म्हणतो, कसली रक्कम? हे गृहस्थ माझ्यासमोर बसले होते आणि त्यांच्याकडे पुराव्यादाखल होता तो एक बंद फोन, तांदळाच्या डब्यात ठेवून पाहिलेला.

इलेक्ट्रॉनिक पुराव्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा महत्त्वाचा निकाल आपल्याच जालन्याच्या निवडणुकीवरून झाला, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल, १४ जुलै २०२०. मूळ यंत्रच साक्षीदाराने कोर्टापुढे आणलं तर गोष्ट वेगळी, पण त्यातल्या माहितीची नक्कल द्यायची असेल तर कायद्याने सांगितलेलं प्रमाणपत्र हवंच, असं त्यात स्पष्ट झालं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात हे कलम ६३ मध्ये आहे, आणि आता प्रमाणपत्रात फायलीचं हॅश मूल्यही लिहावं लागतं. हॅश म्हणजे फायलीचा ठसा, एक अक्षर बदललं तरी तो जुळत नाही. म्हणजे स्क्रीनशॉट दाखवून भागत नाही. मूळ फोन जपायचा, आणि वेळीच काढलेली फाइल कॉम्प्युटरवर ठेवायची. हे मी प्रत्येक अशिलाला सांगते. पण ज्याच्या फोनमधून फाइल बाहेर काढणंच त्याला कुणी शिकवलं नाही, त्याने काय करावं?

आपला मोबाइल नंबर आपल्याबरोबर नेण्याचा हक्क २० जानेवारी २०११ पासून देशभर मिळाला. त्याआधी कंपनी बदलली की नंबर जायचा आणि लोक नाइलाजाने वाईट सेवा सोसत राहायचे. माहितीच्या बाबतीत आपण अजून त्या आधीच्याच काळात आहोत. न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीने २०१८ मध्ये दिलेल्या मसुद्यात आपली माहिती वापरता येईल अशा स्वरूपात परत घेण्याचा आणि दुसरीकडे नेण्याचा हक्क होता. २०१९ च्या विधेयकातही होता. २०२३ मध्ये जो डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला त्यात तो नाही. माहिती पाहण्याचा, दुरुस्त करण्याचा, पुसायला लावण्याचा, तक्रारीचा, आपल्या पश्चात कुणी हे हक्क वापरावेत हे नेमण्याचा, असे हक्क आहेत. बरोबर नेण्याचा नाही. युरोपात तो २०१८ पासून आहे. आपल्या संसदेने तो का गाळला याचं पटण्यासारखं उत्तर मला मिळालेलं नाही, आणि तो परत आणावा असं मी वकील म्हणून नव्हे, नागरिक म्हणून मागते.

तोवर हा हक्क दुकानाच्या काउंटरवरच बजावावा लागेल. गेल्या वर्षी पोवई नाक्यावरच्या एका दुकानात फोन घ्यायला गेले तेव्हा लॅपटॉप पिशवीत घेऊन गेले होते. काउंटरवरचा मुलगा उत्साहाने म्हणाला, “मॅडम, आधी कॅमेरा बघा.”

“कॅमेरा नंतर बघते. आधी हा माझ्या लॅपटॉपला जोडून दाखव.”

“मॅडम, आता केबल कोण लावतंय? सगळं क्लाऊडला जातं.”

“माझ्याकडे लोकांचे कागद असतात बाळा. ते माझ्याजवळच राहिले पाहिजेत.”

त्याने केबल लावली. फोन चार्ज होऊ लागला, लॅपटॉपला मात्र त्याचा पत्ताच नाही. मी म्हटलं, केबल बदल. स्वस्तातल्या कित्येक केबलींत वीज नेणाऱ्याच तारा असतात, माहितीच्या नसतात. दुसऱ्या केबलीने फोन दिसला. फोनच्या पडद्यावर ‘फाइल ट्रान्सफर’ निवडल्यावर आतले फोल्डर उघडले. मग मी त्याच्याच हातून एक नंबर मराठीत सेव्ह करून घेतला, ‘कऱ्हाड तलाठी कार्यालय’, आणि कॅलेंडरमध्ये एक तारीख टाकायला लावली. दोन्ही फायलीत काढून लॅपटॉपवर उघडायला सांगितली. त्याला वीस मिनिटं लागली, कारण त्याने हे कधी केलंच नव्हतं. पण पोरगं जिद्दीचं. जमल्यावर त्याचाच चेहरा फुलला.

या वीस मिनिटांत फोनबद्दल जे कळतं ते खोक्यावर छापलेलं नसतं. टाइप-सी म्हटलं की जोडणी वेगवान असं लोक धरून चालतात, पण ते फक्त भोकाच्या आकाराचं नाव आहे. २०२३ च्या आयफोन १५ मध्ये टाइप-सी आलं, तरी साध्या मॉडेलचा केबलीवरचा वेग सेकंदाला ४८० मेगाबिट आणि प्रोचा १० गिगाबिटपर्यंत. स्वस्त अँड्रॉइड फोनही बहुतेक त्या कमी वेगाचेच. थोड्याशा कागदपत्रांना काही फरक पडत नाही, लग्नाचे पन्नास गिगाबाइट व्हिडिओ उतरवायचे असतील तर अर्धा तास बसून राहायची तयारी ठेवा. आयफोनचं एक मला पटतं. महाग आहे, पण केबल लावून संपूर्ण फोनची कुलूपबंद नक्कल आपल्या कॉम्प्युटरवर घेता येते, क्लाऊडला हात न लावता. अँड्रॉइडमध्ये अशी सरसकट सोय नाही. सॅमसंगचं स्मार्ट स्विच कॉम्प्युटरवर बॅकअप घेतं, बाकी बहुतेक फोनांत नंबर, कॅलेंडर, फोटो असे एकेक काढावे लागतात. मी अँड्रॉइडच घेतला, कारण ऑफिसचा कॉम्प्युटर विंडोजचा आणि काकांच्या हाताला त्याचीच सवय. नंबर सिमकार्डावर ठेवू नका हे मात्र सगळ्यांना सांगते. तिथे साधारण अडीचशे नावांची जागा, नावाला मोजकी अक्षरं, आणि मराठीत लिहिलं तर त्याहून कमी.

क्लाऊड मी वापरत नाही असं नाही. तारखांचं कॅलेंडर तिथेच आहे, त्याशिवाय काकांना ऑफिसात तारीख दिसणार कशी? पण अशिलांचे कागद, त्यांनी विश्वासाने सांगितलेल्या गोष्टी मी केबलीनेच लॅपटॉपवर उतरवते आणि फोनमधून काढून टाकते. अशिलाचं गुपित राखणं हे साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ ने माझ्यावर टाकलेलं बंधन आहे, आणि कलम नसतं तरी मी हेच केलं असतं.

काका आता एकाहत्तर वर्षांचे आहेत. रविवारी संध्याकाळी मी फोन जोडते, आठवड्याच्या तारखा छापते, आणि सोमवारी सकाळी ते पान ते त्यांच्या डायरीत डिंकाने चिकटवतात. विहिरीत फोन पडलेले गृहस्थ दिवाळीनंतर पुन्हा आले होते. त्यांचा दावा अवघड आहे, हे मी त्यांना लपवलं नाही. या खेपेला त्यांच्याबरोबर मंडळी होत्या, आणि त्यांचा फोन. बचत गटाचे हिशेब, दूध संघाचे मेसेज, मुलाच्या कॉलेजच्या पावत्या, सगळं त्यात. “वकीलबाई, एवढं बाहेर काढून द्या,” त्या म्हणाल्या. तासभर बसून आम्ही ते काढलं, एका पेनड्राइव्हवर घेतलं, आणि त्यांच्याच पुतण्याच्या लॅमिनेशन दुकानातल्या कॉम्प्युटरवर दुसरी प्रत ठेवायची असं ठरलं. त्यांनी पेनड्राइव्ह प्लास्टिकच्या पिशवीत घातला, पिशवीवर तारीख लिहायला सांगितली, आणि ती मोठ्या पिशवीतल्या सातबारा आणि फेरफाराच्या उताऱ्यांमध्ये नीट ठेवून मोठ्या पिशवीची नाडी ओढली.